दिवंगत

होदायाच्या लग्नाच्या पत्रिका जेरुसलेममधल्या नातेवाइकांना पोचल्या, तसे तिचे वडील शाल्तिएल एक पत्रिका घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

"माझ्या नावाआधी 'दिवंगत'? जिवंत बापाला मारलंस? आईनं शिकवलं ना?"

"मीच छापलं, आबा. इतकी वर्षं वेगळे राहता, पण आईला सोडचिठ्ठी देत नाही. तुम्ही दिल्याशिवाय आपल्या धर्मात तिला दुसरं लग्न करता येत नाही. विधवेला तरी येतं."

"सकाळपासून लोक घरी सांत्वनाला येताहेत. दुसरी पत्रिका छाप."

"छापते. आधी सोडचिठ्ठी द्यायला धर्मपीठात चला."


दुसऱ्या पत्रिकेत शाल्तिएल जिवंत होते, आणि आई माहेरच्या आडनावानं लग्नाचं आमंत्रण देत होती.