ताटलीवरची नक्षी

अंगणवाडीच्या ताई पुन्हा म्हणाल्या, "विजयमाला, तेजू चार वर्षांची झाली. आता अक्षरं दाखव की." "लई लहान हाय, ताई. दिवाळीनंतर बघू," असं म्हणून तिनं पोरीला घरी आणलं. विजयमाला या घरात दुसरेपणावर आली, तेव्हा तेजू रांगत होती. मांडणीवरच्या सगळ्या भांड्यांवर वारलेल्या सवतीचं नाव कोरलेलं होतं. तेजूनं विचारलं की विजयमाला म्हणायची, "नक्षी हाय." आज दूधभाकर संपवून तेजू ताटलीच्या काठावरच्या ठिपक्यांवर बोट फिरवत बसली. "आई, ही नक्षी ताईंच्या फळ्यावर बी हाय." विजयमालानं हातातला घास खाली ठेवला. तिनं तेजूचं बोट धरलं. "व... नि... ता." "वनिता कोण?" "तुला जन्म दिला, ती आई." तेजू उठली. मांडणीवरचं एकेक भांडं खाली काढून निरखू लागली. "काय हुडकायलीस गं?" "तुझं नाव, आई."