दाराला टेकवलेला खराटा

"खराटा बघू नकोस, बर्फ बघ," हिल्मा मावशी मला म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. मी शहरात तीन वर्षं कॉलेज करून आलेली. गावच्या म्हाताऱ्या सुईणीचं बोलणं किती मनावर घ्यायचं?

आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. बाहेर जाताना खराटा दाराला टेकवून ठेवतात. घरात कुणी नाही, एवढं त्यातून कळतं आणि मग कुणी आत शिरत नाही. हे आम्हाला शाळेत रासिला मास्तरांनीच शिकवलं होतं. युद्धातून ते डावा पाय ओढत परतले, दहा वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना वाचायला-लिहायला शिकवलं, आणि मग गावानेच त्यांना खासदार करून हेलसिंकीला धाडलं. बायको नाही, मूल नाही. तळ्याकडेचं पिवळं घर त्यांचं, आमच्या खिडकीसमोरचं.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी त्यांच्या दाराला खराटा दिसला. मास्तर अधिवेशनाला गेले, असं सगळे म्हणाले. बुधवारपर्यंत मीही तेच म्हणत होते.

माझ्या लेकीला, केर्तूला, खोकला झाला होता. तिला मांडीवर घेऊन मी दिवसभर खिडकीत बसायची. आई झाल्यापासून मला सगळीकडे काहीतरी चुकल्यासारखं दिसतं, असं माझा नवरा आर्मास म्हणतो. शेवटचा बर्फ रविवारी पडला होता. मास्तरांच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत तो अजून तसाच होता, कोरा. त्यावर एकही पाऊल नव्हतं.

"मास्तर गेलेच नाहीत," मी नवऱ्याला म्हणाले.

"मग काय उडून गेले?" आर्मास बूट काढत म्हणाला. "खराटा आहे ना दाराला?"

"मी आत जाऊन बघते."

"एल्मी, वेडी आहेस का! लोक काय म्हणतील? आणि खासदाराच्या घरात चोरायला आहे तरी काय? भाषणं?"

मी केर्तूला त्याच्या हातात दिलं आणि शाल घेतली.

पायरीजवळ गेल्यावर खुणा दिसल्या. त्या रस्त्याकडे जात नव्हत्या. पायरीवरून उतरून घराला वळसा घालून मागच्या सरपणाच्या दाराकडे गेल्या होत्या. एक पाऊल, शेजारी एक लांब ओरखडा. पुन्हा एक पाऊल, पुन्हा ओरखडा. परतीची खूण नव्हती. वर धुराडं थंड होतं आणि बाहेर उणे अठ्ठावीस.

मी खराटा बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदा.

मास्तर स्वयंपाकघरात बसले होते. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी, पायाशी भरलेली बॅग. बादलीतलं पाणी गोठलं होतं. त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"खराटा दिसला नाही का?" त्यांनी विचारलं. आवाज वर्गातलाच होता, फक्त फार हळू.

"दिसला, मास्तर. रस्त्याकडे पावलं दिसली नाहीत."

मी चूल पेटवली, त्यांची बोटं माझ्या काखेत धरली, केर्तूची धरते तशी. मग ते बोलले.

"निघालो होतो गं. खराटा टेकवला, वळलो, आणि पुढचं पाऊल टाकता येईना. युद्ध संपून चौदा वर्षं झाली, तरी होतं असं मधूनमधून. सगळ्या गावादेखत खराटा काढून परत आत यायची लाज वाटली. मागून आलो."

"याआधीही?"

"हिवाळ्यात दोनतीनदा. तिसऱ्या दिवशी आपोआप उठता यायचं. या खेपेला नाही उठता आलं."

म्हणजे मास्तर राजधानीत आहेत म्हणून आम्ही अभिमानाने त्यांच्या दारावरून जायचो, तेव्हा ते भिंतीपलीकडे बसलेले असायचे. आणि आम्ही त्यांनीच शिकवलेलं इमानाने पाळत होतो.

बोटं वाचली. उन्हाळ्यात मास्तर पुन्हा निवडून आले. आता वर्षभर हेलसिंकीतच राहतात, कालिओ भागात, चर्चच्या मागच्या राखाडी इमारतीत, भाड्याच्या खोलीत. दर गुरुवारी मला पत्र यायचं. दोनच ओळी, "उठलो. निघालो." गेले तीन गुरुवार आलेलं नाही. फोन कुणी उचलत नाही. आर्मास म्हणतो, कामात असतील. मला आठवा महिना आहे, गाडीचा प्रवास जमणार नाही.

तिथल्या जिन्यात बर्फ नसतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल तर तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार वाजवा. पाटीवर रासिला असं नाव आहे. घरात कुणी नाही असं आतूनच सांगितलं, तरी परत फिरू नका.