मोफत माहितीपट, नंतर चर्चा

जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बायकांवरचा माहितीपट लावला होता. पडद्यावरच्या एका बाईचा चेहरा धूसर केला होता, आवाजही बदलला होता. बोलताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

दिवे लागले. चर्चेसाठी सोसायटीचा सेक्रेटरी सिद्धलिंग माईक घेऊन उभा राहिला.

"खरं असतं तर तोंड कशाला लपवली असती की ही बाई? असल्या बायकाच घराचं नाव घालवायल्यात."

मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या.

"हितं कोण ओळखतंय का हिला?" त्यानं बायकांच्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली.

पहिल्याच रांगेत त्याची बायको शिवलीला मान खाली घालून बसली होती. शेजारी त्याची आई, गुरम्मा. नजर त्या दोघींपर्यंत आली, तशी गुरम्मानं सुनेचा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला आणि समोर बघतच पुटपुटली,



"आधी बोटाचा पदर सोड. त्यो हिकडंच बघायलाय."