चमच्यावरचं मुंडकं

सराफ बाजारात मामाचं चांदीच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि सुट्टीत गल्ल्याशेजारी बसायचा मान कायम जुईचा. यंदा मात्र सिन्नरहून मावसबहीण सानवी आली आणि बघता बघता मामाची लाडकी होऊन बसली! जुईचा नुसता जळफळाट.

"आज निकालच लावू," म्हणत मामाने एक जुना विलायती चमचा पुढे ठेवला. "ह्याचा कारागीर जी ओळखेल, तिला माझं भिंग कायमचं."

"सिंह म्हणजे चांदी खरी, राणीचं मुंडकं म्हणजे कर भरलेला," चमच्यामागचे शिक्के भिंगातून बघत सानवी घडाघडा बोलली. "कारागिराचा शिक्का काही सापडत नाही बाई. जुईताई, तुला जमतंय का बघ!"

"आण इकडे, शहाणे!" जुईने भिंग हिसकावलं.

सिंह होता. राणीच्या जागी मात्र दोन वेण्या घातलेली मुलगी होती. तेच अपरं नाक, हनुवटीवर तीच खोक. सानवीच! जुईने चमचा फडक्याने खसाखसा पुसला. चेहरा आणखी उजळला.

शेजारीच कारागिराचा शिक्का होता. दोनच अक्षरं, तीही मराठीत. जुई.

"दिसला ना? सांग की, कोणी घडवलंय?" मामाने खूश होऊन विचारलं.

जुईने मान वर केली. सानवी एका बाजूला तोंड करून बसली होती. तिची पापणी लवत नव्हती. गालावर हळूहळू चांदीची पांढरी चकाकी चढत होती.

"बोल ना, जुई," मामा हसला. "नुसतं नाव घे, की भिंग तुझं."