सायखेड्याच्या वाकड्या माना

तानुबाई चावडीत समोर येऊन बसली, आणि तिचीही मान डावीकडे कललेली बघून डॉक्टर गायधनींना टाळी वाजवावीशी वाटली. सकाळपासूनची ही एकेचाळिसावी मान. त्यांनी कंपाउंडर जमीलकडे विजयाने बघितलं. जमीलने कागदावर लिहिलं, ‘मान वाकडी, डावीकडे.’

डॉक्टरांचा जीव या माना दिसेपर्यंत टांगणीला लागला होता. अठरा साली इन्फ्लुएंझाची साथ आली, लोकांनी तिला मानमोडी म्हटलं, आणि ती घरंच्या घरं रिकामी करून गेली. त्याला आता वीस वर्षं झाली. जे वाचले त्यांच्या अंगात तिची काही खूण उरली आहे का, हे शोधायचं काम डॉक्टरांनी हौसेने मागून घेतलं होतं. दोन वर्षं ते नाशिक जिल्हा पिंजून काढत होते. प्रश्न ठरलेला असे, मानमोडीनंतर मागे काय राहिलं? सिन्नरला एकाने सांगितलं, दोन म्हशी. दुसऱ्याने बराच विचार करून सांगितलं, सासू. शेवटी मुंबईहून पत्र आलं की महिनाअखेरपर्यंत एक तरी रोगी दाखवा, नाहीतर प्लेगच्या खात्यात उंदीर चिरायला रुजू व्हा. डॉक्टरांना उंदराची शिसारी होती. जिवंत उंदीर निदान पळून तरी जातो.

मग सायखेड्याला येताना त्यांच्या बोटाला नखुरडं झालं. आजवर ते खाली बघून स्वतःच लिहीत. आता लेखणी जमीलकडे गेली, आणि डॉक्टरांनी दोन वर्षांत पहिल्यांदा डोकं वर करून रोग्यांकडे बघितलं. बघतात तर सगळ्यांच्या माना वाकड्या. लोकांनी मानमोडी हे नाव काही उगाच ठेवलं नव्हतं.

दुपारी नवसाबाई आली. ही पाटलांची धाकटी सून, अठरा वर्षांची, म्हणजे साथ गेल्यावर जन्मलेली. तिचीही मान डावीकडे. रोग पुढच्या पिढीत उतरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि जमीलने लिहिलं. तेवढ्यात दारात बसलेल्या पाटलांच्या कुत्र्याने डॉक्टरांकडे बघून मान कलती केली. माणसातून जनावरात, हे मात्र डॉक्टरांनी नखुरड्याची पर्वा न करता स्वतःच्या हाताने लिहिलं.

तसे ते फार काटेकोर. वाकडं काही त्यांना खपत नसे. चावडीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी भिंतीवरची बादशहाची तसबीर सरळ केली होती. जेवून आले तर ती परत वाकडी. त्यांनी पुन्हा सरळ केली आणि पाटलांकडे रागाने बघितलं. पाटलांनी मान डावीकडे कलवून नम्रपणे हो म्हटलं.

मुंबईचे लोक नुसत्या कागदावर विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून डॉक्टरांनी नाशिकहून फारुख फोटोवाल्याला बोलावलं. चावडीपुढे गाव ओळीने उभं राहिलं, मधोमध खुर्चीवर डॉक्टर, पायाशी कुत्रा. फारुखने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना आपल्याकडे बघायला सांगितलं. सगळ्यांनी बघितलं.

तिसऱ्या दिवशी फोटो आला तेव्हा तो बघायला अर्धं गाव चावडीत जमलं होतं. डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ओळीतली एकूण एक मान सरळ होती. कुत्र्याचीसुद्धा. त्यांनी आधी कॅमेऱ्याच्या काचेला दोष दिला, मग फारुखला. मग त्यांच्या लक्षात आलं की एक मान वाकडी आहे, चांगली खांद्याला टेकायला आलेली, उजवीकडे. हा कोण माणूस म्हणून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मिशा ओळखीच्या होत्या.

त्यांनी तानुबाईला पुढे बोलावलं आणि फोटोत तिची मान सरळ कशी, असं हळू आवाजात विचारलं.

"फोटूवाल्याची सरळ हाय ना," तानुबाई म्हणाली. "तुमच्याकडं बघायचं तर तुमच्यावानी मान करावी लागती. सायबाचा मान नको का राखायला?"

चावडीत कुणी हसलं नाही. सायखेड्याचे लोक माणसाच्या व्यंगावर तोंडावर बोलत नाहीत. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी जमीलकडे वळून विचारलं, दोन वर्षं तू बरोबर आहेस, मला सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, साहेब," जमील म्हणाला. "मान तुमचीच आहे."

डॉक्टर खुर्चीत बसले. आरसा ते स्वतःच्या हाताने टांगत, त्यामुळे त्यात सगळं नेहमीच ठीक दिसे. जमीलने एक कोरा कागद काढला, वर रोगी क्रमांक एक असं लिहिलं आणि अदबीने विचारलं की साहेबांना मानमोडी कधी झाली होती का. झाली होती. अठरा सालीच, पुण्याला डॉक्टरी शिकत असताना. तेरा दिवस एका कुशीवर पडून होते. डॉक्टर हे सांगत असतानाच त्यांच्या डोक्यात उजेड पडला की महिनाअखेरला अजून चार दिवस आहेत, रोगी सापडलेला आहे, आणि उंदीर टळले. त्यांना एकदम हलकं वाटलं.

जमीलने पुढचा प्रश्न विचारला. मागे काय राहिलं?

उत्तर देण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून डॉक्टरांनी दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं, उचलून सरळ केलं आणि समोर बघितलं. भिंतीवरून त्यांनीच दोनदा सरळ केलेला बादशहा मान डावीकडे कलती करून त्यांच्याकडे बघत होता.