वाकलेला कमानपाटा

औंढ्याहून हिंगोलीला जाताना साहेबाच्या मोटारीचा हादरे झेलणारा कमानपाटा वाकला, अन् समोरून नेमका संतरामचा छकडा आला. छकड्यात तापानं फणफणलेलं लेकरू. त्याला औंढ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मोटार चालेना झाली की वाटेवरचे बैल वेठीला धरायचे, ही साहेबलोकांची जुनी हरामखोरी.

"मकबूलभाई, मोटार चालंल म्हणा," संतरामनं डायवरापुढं हात जोडले.

पाटा बदलल्याबिगर इलाज नव्हता. तरी लेकराकडं बघून मकबूल खोटं बोलला, "बदलायची गरज न्हाई साहेब. हिंगोलीपर्यंत बराबर जाईल."

 

साहेब कंबर चोळत म्हणाला, "मोटार जाईल रे, पण हे हादरे मला सोसायचे न्हाईत. ए, लेकरू उतरव, छकड्यात मी बसतो. मकबूल, तू मोटार रिकामी आण मागून."