ज्येष्ठमधाच्या पाण्यातली कुटकी

अठरावी मुळी चोरोलच्या जिभेवर ठेवली गेली, तेव्हा अमची इशे यांनी मान खाली घातली. ती मुळी त्यांनीच तिच्यासाठी खास तयार केली होती.

गोंपाच्या, म्हणजे गावच्या बौद्ध मठाच्या, अंगणात सारा गाव मानाप्रमाणे रांगेने बसला होता. वरच्या टोकाला गावचे वैद्य म्हणून अमची इशे. खालच्या टोकाला, दाराशी, ज्यांना कोणी विचारत नाही ते. मधोमध डोळ्यांवर पट्टी बांधलेली चोरोल. ती इशे यांच्या बहिणीची मुलगी आणि गेली नऊ वर्षं त्यांची शिष्या. तिची वैद्यकीची परीक्षा घ्यायला लेहहून अमची स्तोबदान आले होते. वीस औषधं नुसत्या जिभेने ओळखायची, एक जरी चुकलं तरी वर्ष गेलं. शिष्यापुढचं औषधांचं ताट गुरूने लावायचं ही जुनी रीत, कारण गुरूवर संशय घ्यायची कुणाला गरजच पडली नव्हती. बाहेर खिंडीपलीकडच्या गावांनी पाठवलेला घोडा उभा होता. तिकडे तीन गावांत मिळून एकही अमची नव्हता. चोरोल उत्तीर्ण झाली की संध्याकाळच्या आत निघणार होती.

तो घोडाच इशे यांच्या डोळ्यांत सलत होता. लोसारच्या सणाआधी त्यांना ताप आला आणि ताप उतरला तो जिभेची चव घेऊनच. कडू नाही, तुरट नाही, आंबट नाही. जे तोंडात घालावं ते मातीसारखं. व्यापारी कुटकीच्या कडूजहर मुळ्यांत भलत्याच काड्या मिसळतात. डोळ्याला त्या सारख्याच दिसतात, चोरी पकडते ती जीभ. मग इशे मूठभर काड्या चोरोलपुढे धरायचे आणि मास्तरी आवाजात विचारायचे, "सांग बघू, काय आहे?" ती सांगायची. ते "हं" म्हणायचे आणि ती म्हणाली तशा पुड्या बांधायचे. पोरगी गेली की हे सोंग चार दिवसांत उघडं पडलं असतं. म्हणून त्यांनी कुटकी दोन दिवस ज्येष्ठमधाच्या काढ्यात भिजवली, वाळवली आणि ताटात मांडली. चाळीस वर्षं लोकांच्या नाड्या धरणाऱ्या माणसाने हे केलं. लाज वाटत होती, तरी केलं.

चोरोलने मुळी चघळली. जरा थांबली. पुन्हा चघळली.

"वरून ज्येष्ठमध आहे," ती म्हणाली. "आत कुटकी. कुणीतरी मुद्दाम भिजवून वाळवलीय."

"शाब्बास!" स्तोबदान खूश झाले. "इशे-ले, गुरू असावा तर असा. शिष्येला जराही सूट नाही!"

गाव हसलं. चोरोल हसली नाही. पट्टी बांधलेला तिचा चेहरा हळूच इशे यांच्या बाजूला वळला. काढ्याचं भांडं तिनेच घासलं होतं.

एकोणिसावा तुकडा रेवंदचिनीचा होता. इथली पोरं चालायला लागतात तेव्हापासून तिचे देठ चावतात.

"कोष्ठ," चोरोल म्हणाली.

हे भलत्याच मुळीचं नाव. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आबीने कपाळाला हात लावला. "अगं ए बाई, हे तर माझी शेळीसुद्धा ओळखेल!"

"नोमो, पोरी, नीट चाखून सांग," स्तोबदान म्हणाले.

"चाखलं. कोष्ठच आहे."

इशे यांनी ओळखलं. पोरगी चुकली नव्हती. आपण नापास व्हावं असं मामाला वाटतंय, एवढं तिला कळलं होतं, आणि तिने मामाचं ऐकलं होतं. आता नुसतं गप्प बसलं की झालं. घोडा रिकामा जाईल, पुड्या बांधल्या जातील, मान राहील. इशे एक क्षण गप्प बसलेदेखील. त्या एका क्षणाची लाज त्यांना पुढे कधी पुसता आली नाही.

"खोटं बोलतेय ती," ते उठून म्हणाले. "कुटकी मी भिजवली, तिला अडवायला. माझी जीभ मेलीय, लोसारच्या आधीपासून. तुम्ही हिवाळाभर ज्या पुड्या खाल्ल्या, त्या हिने पारखलेल्या. मी फक्त बांधल्या."

आबी तोंडाला शालीचं टोक लावून त्यांच्याकडे बघत राहिली. स्तोबदाननी तोच तुकडा पुन्हा चोरोलच्या हातात दिला. तिने तो जिभेला लावला नाही.

"रेवंदचिनी," ती पुटपुटली.

विसावं औषधही तिने सांगितलं. स्तोबदाननी तिच्या गळ्यात मानाचं पांढरं वस्त्र, खतक, घातलं आणि वरच्या टोकाची जागा दाखवली. तोवर इशे ती सोडून दाराशी जाऊन बसले होते. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं.

चोरोल वर गेलीच नाही. ती दाराशी येऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"चला अजांग-ले," तिने मामाला हाक मारली. "वर चला."

"कुठल्या तोंडाने येऊ?" इशे खाली बघत म्हणाले. "इतके महिने तुला फसवलं मी. शिकवायचं नाटक करून तुझ्याकडूनच विचारून घेत होतो. तुला एका शब्दाने कळू दिलं नाही."

"लोसारच्या सकाळीच कळलं होतं मला," चोरोल म्हणाली. "पाहुण्यांच्या गडबडीत मी लोण्याच्या चहात मीठ घालायचं विसरले. तुम्ही तीन वाट्या प्यायलात आणि म्हणालात, आज मीठ अगदी बरोबर पडलंय."